एक मारेकरी, एक मुलगी आणि कापलेली २३ मिनिटं : ‘लिऑन’ आज पुन्हा कसा पाहायचा?

दूध पिणारा मारेकरी, हातात कुंडी घेऊन चालणारी मुलगी आणि डोळ्यांत वेड असलेला भ्रष्ट अधिकारी. एवढं सांगितलं तरी अनेकांना सिनेमा ओळखू येईल. ल्यूक बेसाँ दिग्दर्शित ‘लिऑन : द प्रोफेशनल’ १९९४ मध्ये प्रदर्शित झाला. तीस वर्षं उलटून गेली तरी तो ‘एकदा तरी पाहावेत असे क्राइम सिनेमे’ अशा याद्यांमधून हललेला नाही. त्यातल्या दृश्यांच्या रील्स फिरतात, शेवटचं गाणं अजून स्टेटसला लागतं.

पण याच सिनेमाबद्दल त्याची नायिका नताली पोर्टमनचं मत आता पूर्वीसारखं सरळ राहिलेलं नाही. तो पाहताना काही जागी अवघडायला होतं, असं तिनेच सांगितलंय. मग प्रश्न उभा राहतो. इतका आवडलेला सिनेमा आज पुन्हा लावला तर नेमकं काय दिसतं? आणि कोणतं ‘व्हर्जन’ लावायचं?

(पुढे कथेचा शेवटही सांगितला आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी ठरवा.)

थोडक्यात गोष्ट काय?

न्यूयॉर्कमधलं ‘लिटल इटली’. लिऑन (ज्याँ रेनो) पैसे घेऊन माणसं मारतो. स्वतःला तो ‘क्लीनर’ म्हणवतो, म्हणजे साफसफाई करणारा. त्याचा एकच नियम आहे : बायका आणि मुलांना हात लावायचा नाही. बाकी त्याचं आयुष्य रिकामं आहे. दूध, व्यायाम, खुर्चीत बसल्या बसल्या झोप, जुन्या सिनेमांचे खेळ आणि खिडकीत ठेवलेली एक कुंडी. त्याला लिहिता-वाचता येत नाही.

शेजारच्या घरात बारा वर्षांची मटिल्डा (नताली पोर्टमन) राहते. बाप मारतो, सावत्र आई लक्ष देत नाही. तिचा जीव अडकलाय तो चार वर्षांच्या धाकट्या भावात. बाप अमली पदार्थविरोधी विभागातल्या भ्रष्ट अधिकाऱ्यांचा माल सांभाळतो आणि त्यातच हात मारतो. त्या टोळीचा म्होरक्या स्टॅन्सफिल्ड (गॅरी ओल्डमन) एके दिवशी माणसं घेऊन येतो आणि अख्खं कुटुंब संपवतो. मटिल्डा तेवढ्यात दुकानात गेलेली असते.

ती परत येते. उघड्या दारातून बापाचं प्रेत दिसतं. ती थांबत नाही. आपलं घर नाहीच असं दाखवत पुढे चालत राहते आणि लिऑनची बेल वाजवते. डोळ्यांत पाणी, हातात सामानाची पिशवी, ओठांवर ‘प्लीज, दार उघडा’. आतून लिऑन दाराच्या भिंगातून पाहत असतो. दार उघडलं तर त्याचं आखून घेतलेलं आयुष्य संपणार, नाही उघडलं तर ती मरणार.

दार उघडतं आणि उजेड तिच्या चेहऱ्यावर पडतो. सिनेमाला ‘क्लासिक’ का म्हणतात, हे समजायला हे एक दृश्य पुरेसं आहे. गोळी नाही, पाठलाग नाही. फक्त एक बंद दार आणि काही सेकंदांचा विलंब.

हा सिनेमा बनला कसा?

बेसाँच्या १९९० च्या ‘निकिता’मध्ये ज्याँ रेनोनेच व्हिक्टर नावाच्या ‘क्लीनर’ची छोटी भूमिका केली होती. लांब कोट, थंड चेहरा. त्या पात्रात अजून खूप काही शिल्लक आहे, असं बेसाँला वाटलं. त्याच सुमारास त्याचा मोठा विज्ञानपट ‘द फिफ्थ एलिमेंट’ लांबणीवर पडला. मधल्या काळात त्याने ‘लिऑन’ लिहून उरकला. बाहेरची दृश्यं न्यूयॉर्कमध्ये आणि आतली बरीचशी फ्रान्समध्ये चित्रित झाली. छायाचित्रण थिएरी आर्बोगास्टचं, संगीत एरिक सेराचं आणि शेवटाला स्टिंगचं ‘शेप ऑफ माय हार्ट’. गाणं आधीच्या वर्षीच्या अल्बममधलं होतं, पण आज अनेकांना ते या सिनेमाचंच वाटतं.

खर्च सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर. अमेरिकेतली कमाई सुमारे १ कोटी ९५ लाख डॉलर. म्हणजे तिथे तो काही तुफान चालला नव्हता. त्याची खरी ख्याती झाली ती नंतर, व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी आणि केबलवरून.

आपल्याकडची गंमत वेगळी. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर आमच्या पिढीला हा सिनेमा मिळाला तो हार्ड डिस्कवर, ‘मस्ट वॉच’ नावाच्या फोल्डरमध्ये. कुणाकडे पावणेदोन तासांची फाइल असायची, कुणाकडे सव्वादोन तासांची. मोठी फाइल म्हणजे चांगली प्रिंट, एवढाच त्याचा अर्थ लावला जायचा. प्रत्यक्षात त्या दोन फाइल्स म्हणजे जवळपास दोन वेगळे सिनेमे होते.

२३ मिनिटांत असं काय आहे?

या सिनेमाची दोन रूपं आहेत. थिएटरमध्ये आलेलं सुमारे ११० मिनिटांचं, आणि १९९६ मध्ये फ्रान्समध्ये आलेलं सुमारे १३३ मिनिटांचं लांब रूप. अमेरिकेत प्रदर्शनाआधी निवडक प्रेक्षकांना सिनेमा दाखवला गेला तेव्हा त्यांची चुळबुळ सुरू झाली. त्यानंतर काही दृश्यं काढली गेली. ती दृश्यं साधारण तीन प्रकारची होती :

• मटिल्डा लिऑनसोबत थेट ‘कामा’वर जाते. दारावरची बेल ती वाजवते, पुढचं तो पाहतो. छोट्या रूपात ती शिकते एवढंच दिसतं. लांब रूपात ती सामील होते.

• हॉटेलात जाऊन दोघं काम फत्ते झाल्याचं साजरं करतात.

• मटिल्डा त्याच्याकडे उघडपणे शारीरिक जवळिकीची मागणी करते. तो नकार देतो आणि आपला भूतकाळ सांगतो. तरुणपणी त्याचं एका मुलीवर प्रेम होतं. तिच्या बापाने तिलाच मारलं. लिऑनने त्या बापाला मारलं आणि १९ व्या वर्षी अमेरिका गाठली.

इथे एक विचित्र गुंता होतो. कापाकापी झाली ती अवघडलेपण कमी करण्यासाठी. पण अवघड प्रश्नासोबत त्याचं उत्तरही गेलं. छोट्या रूपात मटिल्डा ‘मी तुझ्या प्रेमात पडतेय’ म्हणते आणि लिऑनला दुधाचा ठसका लागतो. हॉटेलच्या माणसाला ती तो आपला प्रियकर असल्याचं सांगून टाकते आणि दोघांना हॉटेल सोडावं लागतं. हे सगळं हलक्याफुलक्या विनोदात निघून जातं. तो स्पष्ट ‘नाही’ म्हणतो, ते मात्र आपल्याला ऐकू येत नाही.

लांब रूपात प्रश्न जास्त बोचरा आहे, पण नकारही ठाम आहे. म्हणून कोणतं रूप ‘बरं’, याला सरळ उत्तर नाही. छोट्या रूपात नातं बाप-लेकीकडे झुकतं आणि बाकीचं धूसर राहतं. लांब रूपात धूसर काही राहत नाही, पण बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडी ती वाक्यं ऐकावी लागतात. आणि ती वाक्यं पात्र बोलत असलं, तरी उच्चारणारी मुलगीही तेवढीच होती. इथेच सिनेमाच्या आतली गोष्ट संपते आणि बाहेरची सुरू होते.

नताली पोर्टमनचं म्हणणं काय?

निवड झाली तेव्हा पोर्टमन अकरा वर्षांची होती. तिचा हा पहिलाच सिनेमा. तिच्या आई-वडिलांनी सिगारेटच्या दृश्यांबाबत अटी घातल्या होत्या : अशी दृश्यं मोजकीच असतील, ती धूर आत घेताना दिसणार नाही आणि मटिल्डा सिनेमातच सिगारेट सोडेल. म्हणजे पालक बेसावध नव्हते. त्यांनी शक्य तेवढं कागदावर आणलं होतं.

कागदावर जे आणता येत नाही ते पुढे घडलं. जानेवारी २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘विमेन्स मार्च’मध्ये पोर्टमन बोलली. सिनेमा आला तेव्हा ती १३ वर्षांची होती. चाहत्याचं आलेलं पहिलं पत्र तिने उत्साहाने उघडलं. ते एका पुरुषाचं होतं आणि त्यात त्याने तिच्यावरच्या बलात्काराची कल्पना रंगवली होती. एका स्थानिक रेडिओ केंद्राने तिला १८ वर्षं पूर्ण व्हायला किती दिवस उरलेत, याची उलटी मोजणी सुरू केली. समीक्षक परीक्षणात तिच्या शरीराबद्दल लिहीत होते.

त्याचा परिणाम काय झाला, हेही तिने सांगितलं. चुंबनाचं दृश्य असलेल्या भूमिकासुद्धा ती नाकारू लागली. गंभीर, अभ्यासू, सोवळी अशी आपली प्रतिमा तिने जाणीवपूर्वक घडवली, कारण सुरक्षित राहण्याचा तोच मार्ग तिला दिसत होता.

२०२३ च्या एका मुलाखतीत ती या सिनेमाकडे पुन्हा वळली. लोक आजही सर्वांत जास्त याच सिनेमाबद्दल भेटून बोलतात, याच सिनेमाने आपल्याला करिअर दिलं, पण आज पाहताना त्यातल्या काही गोष्टी नक्कीच अवघडवतात, आपल्यासाठी हे प्रकरण गुंतागुंतीचं आहे, असा तिचा सूर होता. ‘बघू नका’ असं ती म्हणाली नाही. ‘काही बिघडलं नाही’ असंही म्हणाली नाही.

तेव्हा कुणालाच हे खटकलं नव्हतं?

‘तेव्हाचा काळ वेगळा होता’ हे वाक्य अशा वेळी हमखास येतं. ते अर्धंच खरं आहे. अमेरिकी समीक्षक रॉजर एबर्टने १९९४ मध्येच सिनेमाला चारपैकी अडीच तारे दिले होते. त्याने सिनेमाच्या शैलीचं कौतुक केलं, पण बारा वर्षांच्या मुलीला या हिंसेच्या मध्यभागी ठेवण्याबद्दल नाराजीही नोंदवली. चाचणी खेळातले प्रेक्षकही अवघडले होते. म्हणजे खटकणाऱ्यांना तेव्हाही खटकलं होतं.

बेसाँच्या खासगी आयुष्याचा संदर्भही या चर्चेत येतो. अभिनेत्री मायवेनशी त्याचं नातं होतं तेव्हा ती अल्पवयीन होती. १९९३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी तिला त्याच्यापासून मुलगी झाली. ‘लिऑन’च्या सुरुवातीच्या प्रसंगात मायवेन छोट्या भूमिकेत दिसते. या सिनेमाची प्रेरणा आपल्या नात्यातून आली, असं तिने नंतर सांगितलं. ही माहिती कळल्यावर काही प्रेक्षकांना सिनेमा पूर्वीसारखा पाहता येत नाही, ते समजण्यासारखं आहे.

मग यात अजूनही चांगलं काय उरतं?

बरंच काही. पण ते बंदुकांमध्ये नाही.

लिऑनकडे नीट पाहिलं तर तो ‘कूल’ मारेकरी नाहीच. वाढ खुंटलेला माणूस आहे. त्याची कमाई टोनी (डॅनी आयेलो) नावाचा हॉटेलवाला ‘सांभाळतो’. बँकेपेक्षा मी बरा, असं तो समजावतो आणि लिऑन मान हलवतो. लिऑन पोरसवदा असताना अमेरिकेत आला, टोनीने त्याला हाताशी धरलं आणि कायमचं हाताखालीच ठेवलं. ज्याँ रेनोने हे सगळं किंचित खाली झुकलेल्या नजरेने आणि संथ बोलण्याने उभं केलंय. खोलीतला मोठा माणूस आपणच आहोत, हे त्याला पटलेलं नसतं.

उलट मटिल्डाला मोठं व्हावं लागलंय. घर ती चालवते, हिशेब ती मांडते, लिऑनला अक्षरं ती शिकवते. बदल्यात तो तिला रायफल शिकवतो. देवाणघेवाणीचा हा सौदा सिनेमाच्या केंद्रस्थानी आहे. तो तिला मारायला शिकवतो आणि ती त्याला जगायला, असं म्हणायचा मोह होतो. पण सिनेमा इतका गोड नाही. ती त्याच्याकडे आलीय ती सूड हवा म्हणून. तो तिला थांबवायला हवा होता आणि तो थांबवत नाही. पिशवीत शस्त्र लपवून, जेवण पोहोचवायच्या बहाण्याने ती एकटी स्टॅन्सफिल्डच्या कार्यालयात शिरते, तेव्हा या शिक्षणाची किंमत कळते.

आणखी एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. सिनेमाच्या सुरुवातीला मटिल्डाच्या शाळेतून फोन येतो. ती आईचा आवाज काढून ‘मटिल्डा वारली’ असं सांगते आणि फोन ठेवते. शेवटी सगळं संपल्यावर ती त्याच शाळेत परत जाते. मुख्याध्यापिका तिला खरं बोलायला सांगते. ती सांगते. आणि ती बाई तिला आत घेते. बाप, सावत्र आई, टोनी, स्टॅन्सफिल्ड, अगदी लिऑनसुद्धा, या यादीत लहान मुलीशी मोठ्या माणसासारखं वागणारी ही एकच व्यक्ती. मोजून दोन-तीन मिनिटांची भूमिका, पण मटिल्डाला जगण्याचा रस्ता तिथूनच मिळतो.

शेवट सगळ्यांना पाठ आहे. पोलिसांनी इमारत घेरलेली. लिऑन भिंत फोडून मटिल्डाला आणि कुंडीला खाली सोडतो. स्वतः पोलिसांच्या वेशात निसटत असताना स्टॅन्सफिल्ड पाठीत गोळी घालतो. मरताना लिऑन त्याच्या हातात ग्रेनेडची पिन देतो, मटिल्डाकडून भेट म्हणून. नंतर शाळेच्या मैदानात मटिल्डा ते झाड कुंडीतून काढून मातीत लावते. आधी तिनेच त्याला म्हटलेलं असतं, झाडावर प्रेम असेल तर त्याला जमिनीत लाव, मुळं धरू दे.

गॅरी ओल्डमनचं काय?

स्टॅन्सफिल्डबद्दल वेगळं सांगायला हवं. कॅप्सूल दाताखाली फोडून मान मागे टाकणारा, बेथोव्हेनवर बोलत माणसं मारणारा हा अधिकारी नव्वदच्या दशकातल्या सर्वांत गाजलेल्या खलनायकांपैकी एक. ‘सगळ्यांना बोलवा’ म्हणताना तो ‘एव्हरीवन’ असं किंचाळतो. ती क्लिप आज मीम म्हणून मराठी ग्रुपवरही फिरते. पण मीमच्या पलीकडे त्याची भीती वाटते ती वेगळ्या कारणाने. तो कायद्याचा माणूस आहे. मुलीला न्याय मागायला जायचं ठिकाणच उरत नाही.

हिंदीत आणि इतरत्र काय झालं?

‘बिच्छू’ आठवतोय? २००० मध्ये गुड्डू धनोआ दिग्दर्शित या सिनेमाने ‘लिऑन’चा सांगाडा उचलला. बॉबी देओल मारेकरी, राणी मुखर्जी शेजारची मुलगी आणि आशिष विद्यार्थी भ्रष्ट अधिकारी. पण नायिका मोठी केली, गाणी घातली आणि नात्याची प्रेमकथा केली. त्यामुळे वयाचा पेच सुटला. पण सिनेमाचा जीवही गेला. प्रौढ नायिकेसाठी दार उघडणं आणि एका लहान मुलीसाठी उघडणं, यात फरक आहे.

दुसरी वाट कोरियाने दाखवली. ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’ (२०१०) मध्ये एकटा राहणारा माणूस शेजारच्या लहान मुलीसाठी टोळीशी भिडतो. नातं पूर्णपणे मायेचं. त्याचा हिंदी रिमेक ‘रॉकी हँडसम’ (२०१६) केला आपल्या निशिकांत कामतने, ‘डोंबिवली फास्ट’ आणि ‘लय भारी’वाल्या. कथा गोव्यात आणली, नायक जॉन अब्राहम, आणि खलनायकाची भूमिका कामतने स्वतः केली.

‘लिऑन’च्या आधीही अशा कथा होत्याच. जॉन कॅसावेटीसच्या ‘ग्लोरिया’मध्ये (१९८०) टोळीने कुटुंब मारलेल्या मुलाला एक बाई सांभाळते. झ्याँ-पिएर मेलव्हिलच्या ‘ल सामुराई’मध्ये (१९६७) एकट्या मारेकऱ्याच्या खोलीत पिंजऱ्यातला पक्षी असतो. इथे त्या जागी कुंडी आली. पुढे ‘लोगन’ (२०१७) आणि ‘द लास्ट ऑफ अस’ यांनीही राकट पुरुष आणि मुलगी ही जोडी घेतली, पण नातं बाप-लेकीचंच ठेवलं.

आपल्याकडे बालकलाकारांसाठी नियम काय?

‘श्वास’, ‘फँड्री’, ‘किल्ला’, ‘नाळ’... मराठी सिनेमाचे कितीतरी उत्तम सिनेमे मुलांच्या खांद्यावर उभे आहेत. म्हणून हा प्रश्न हॉलिवूडपुरता नाही. बालकामगारविषयक २०१७ च्या सुधारित नियमांनुसार :

• मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम करायला लावता येत नाही.

• चित्रीकरणासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

• सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम चालत नाही.

• कमाईचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो.

हे सगळं आवश्यकच आहे. पण हे नियम सेटवरचे. पोर्टमनला जे भोगावं लागलं ते सेटवर नव्हे, सिनेमा प्रदर्शित झाल्यावर. करारात सिगारेटची दृश्यं मोजता येतात, टपालातून काय येईल ते मोजता येत नाही. तेव्हा पत्र होतं, आज कॉमेंट बॉक्स आणि डीएम आहेत. ती बाजू सांभाळायची तर ती प्रेक्षकांनीच. म्हणजे आपणच.

मग पाहायचा की नाही? आणि कोणता?

पहिल्यांदा पाहत असाल तर ११० मिनिटांचं रूप पाहा. कथा घट्ट आहे आणि दाराचा तो प्रसंग तितकाच पोहोचतो. लांब रूप नंतर पाहा, दिग्दर्शकाला काय म्हणायचं होतं आणि प्रेक्षक कुठे अडखळले हे समजून घेण्यासाठी. फाइल उघडण्याआधी लांबी तपासा. नाव दोन्हींचं बहुतेक वेळा सारखंच असतं.

घरातल्या मुलांसोबत लावायचा असेल तर थांबा. मुख्य पात्र बारा वर्षांचं आहे म्हणून हा मुलांचा सिनेमा होत नाही. अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र होतं, म्हणजे १७ वर्षांखालच्यांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय प्रवेश नाही.

आणि पाहताना एक फरक लक्षात ठेवा. मटिल्डा हे पात्र धीट आहे, तिखट बोलते, स्वतःला अठरा वर्षांची म्हणवते. ते पात्र तसं लिहिलंय एका मोठ्या माणसाने. ते साकारणारी मुलगी शाळेत जाणारी होती आणि तिने आलेलं पहिलं पत्र आनंदाने उघडलं होतं. सिनेमा आवडणं आणि त्या मुलीच्या बाजूने उभं राहणं, या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात. खुद्द पोर्टमन गेली काही वर्षं तेच करतेय.